दम्याच्या संशोधकाचे आकडे कसे वाचायचे

दरवर्षी पावसाळा सरता सरता पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: अमुक विद्यापीठाचे, तमुक संस्थेचे इतके प्राध्यापक जगातल्या ‘अव्वल दोन टक्के’ शास्त्रज्ञांच्या यादीत. नावं असतात, फोटो असतात, कधी एच-इंडेक्स नावाच्या निर्देशांकाचा आकडाही असतो. या माणसांनी नेमकं काय शोधून काढलं, हे मात्र बहुतेक वेळा बातमीत नसतं. ही उणीव मला मनापासून टोचते. त्या आकड्यांमागे पुष्कळदा खरोखर मोठं काम असतं, आणि कधी आकडा मोठा असूनही काम साधारणच असतं. वाचणाऱ्याला हा फरक ओळखता यायला हवा, आणि तो ओळखणं वाटतं तितकं अवघड नाही.

उदाहरणासाठी एकच क्षेत्र घेऊ. दमा, आणि त्यातही दम्यामागची इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र. दमा आपल्या घरातला आजार आहे. भारतात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा असावा, असा अंदाज २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासातून पुढे आला. पुण्यात थंडी पडायला लागली की कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे छाती वाजणारी मुलं आणि रात्रभर जागलेल्या आया दिसतात. दुसरं कारण असं, की या क्षेत्रात एका शोधावर दुसरा कसा चढत गेला, हे शोधनिबंधांतून अगदी स्पष्ट दिसतं.

आधी आजार समजून घेऊ. दम्यात श्वासनलिकांच्या भोवतीचे स्नायू आवळले जातात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साठतो. म्हणून घरघर, धाप, पहाटेचा खोकला. पूर्वी स्नायूंच्या आवळण्यालाच मुख्य दोष मानत, म्हणून औषधंही प्रामुख्याने नळ्या मोकळ्या करणारी असत. पुढे लक्षात आलं, की मूळ दुखणं सूज आहे. रुग्णाला बरं वाटत असतानाही ती सूज आत असू शकते. मग ही सूज घडवून आणतं कोण? हा प्रश्न इम्युनॉलॉजीचा.

त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा १९६६ मध्ये हाती आला. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये काम करणारं जपानी जोडपं, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका, यांनी रॅगवीड या तणाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तात एक नवं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, दाखवलं. रॅगवीड आपल्या गाजर गवताच्याच कुळातलं आहे. जवळपास त्याच वेळी स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश वेगळ्या वाटेने त्याच प्रतिपिंडापाशी पोहोचले होते. १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं, इम्युनोग्लोब्युलिन ई. आज रक्ताच्या रिपोर्टवर ‘टोटल आयजीई’ म्हणून छापून येतं ते हेच.

पण आयजीई तयार करायचा हुकूम कुठून येतो? १९८६ मध्ये टिम मोसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींवरून दाखवलं, की मदतनीस टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला संदेश देणाऱ्या पांढऱ्या पेशी, एका जातीच्या नसतात. एक गट एक प्रकारचे रासायनिक संदेश सोडतो, दुसरा वेगळे. दुसऱ्या गटाला टीएच-२ म्हणतात. १९९२ मध्ये अ‍ॅलर्जिक दमा असलेल्या माणसांच्या फुप्फुसांतून काढलेल्या द्रवात या दुसऱ्या गटासारख्याच पेशींचा वरचष्मा सापडला. १९९८ मध्ये ‘सायन्स’ या जर्नलमध्ये एकाच वेळी दोन लेख आले. उंदरांमध्ये दम्यासारखी स्थिती आणायला इंटरल्युकिन-१३ हा एक संदेश पुरेसा ठरतो, असं त्यांत दिसलं. हा संदेश आणि त्याचा सख्खा भाऊ इंटरल्युकिन-४, या दोघांची वाट एकदम अडवणारं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन २०१८ मध्ये अमेरिकेत दम्यासाठी मंजूर झालं. प्रयोगशाळेतल्या त्या दोन लेखांपासून रुग्णाच्या दंडापर्यंत वीस वर्षं.

आता सायटेशनकडे वळू.

संदर्भ मोजायला सुरुवात कशी झाली

शोधनिबंधाच्या शेवटी आधीच्या कामांची यादी असते. माझ्या लेखाच्या यादीत तुमचा लेख आला, की तुमच्या लेखाला एक सायटेशन मिळालं. मोजणी इतकी साधी आहे. ती पद्धतशीरपणे करायची कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये त्यांच्या संस्थेने सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. अमेरिकेतले वकील जुना निकाल पुढे कुठे कुठे वापरला गेला, हे शोधायला एक सूची वापरत. कल्पना तिथून सुचली.

गारफील्ड यांनी तेव्हा सांगितलेला एक हेतू आज जवळजवळ विसरला गेला आहे. एखाद्या जुन्या लेखावर पुढे काय टीका झाली, हे अभ्यासकाला कळावं आणि चुकीची किंवा कालबाह्य माहिती डोळे मिटून पुढे नेली जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं. म्हणजे ही मुळात वाट शोधायची सोय होती. तिचा वापर माणसांचे क्रम लावायला होऊ लागला तो नंतर, आणि जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टर छापून यायला लागल्यावर तर फारच. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांत त्या जर्नलमध्ये छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती संदर्भ मिळाले. ती जर्नलची सरासरी आहे. तिथे छापलेला एखादा लेख कसा आहे, हे तिच्यावरून कळत नाही. मोजक्या लेखांना प्रचंड संदर्भ मिळतात आणि बाकीचे त्यांच्या बळावर उंच दिसतात. बढतीच्या अर्जांत अजूनही इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून लिहिलेली दिसते. त्या बेरजेला खरोखर काहीच अर्थ नाही.

एच-इंडेक्स हाताने काढून पाहू

सॅन दिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये एक आकडा सुचवला. संशोधकाचे सगळे लेख संदर्भांच्या उतरत्या क्रमाने मांडायचे आणि वरून मोजत यायचं. लेखाचा क्रमांक जोवर त्याच्या संदर्भांइतका किंवा त्याहून कमी आहे तोवर पुढे जायचं. जिथे थांबलो तो एच.

समजा, एका संशोधिकेचे सहा लेख आहेत आणि त्यांना अनुक्रमे ९०, ४०, १२, ६, ५ आणि ३ संदर्भ आहेत. चौथ्याला ६ आहेत, चालेल. पाचव्याला ५ आहेत, काठावर का होईना, चालेल. सहाव्याला ३ च, म्हणजे थांबा. एच-इंडेक्स ५. शोधनिबंध आणि संशोधकांची पानं दाखवणाऱ्या गुगल स्कॉलरवर शेजारी दिसणारा आय-१० म्हणजे दहा किंवा अधिक संदर्भ मिळालेले लेख किती. इथे ते ३.

आता तिच्या पहिल्या लेखाचे संदर्भ ९० वरून ९,००० झाले असं धरा. एच तरीही ५ च राहतो. एखाद्याने आयुष्यात तीनच लेख लिहिले आणि तिन्हींनी वैद्यकशास्त्र बदललं, तरी त्याचा एच ३ च्या वर जाऊ शकत नाही. उलट, कामाचा दर्जा तोच ठेवून नुसती वर्षं उलटली तरी एच वाढतो. तो खाली कधीच येत नाही. म्हणून पस्तिशीतल्या आणि साठीतल्या संशोधकांचे एच शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे. हर्श यांनी भौतिकशास्त्रापुरता अंदाज दिला होता, की वीस वर्षांच्या कामानंतर २० चा एच म्हणजे यशस्वी शास्त्रज्ञ आणि ४० म्हणजे अतिशय उत्तम. जीवशास्त्र आणि वैद्यकात हे आकडे सहज वर जातात, कारण तिथे माणसं जास्त, लेख जास्त आणि प्रत्येक लेखामागची संदर्भयादीही लांब. गणितातल्या प्राध्यापकाचा १५ आणि इम्युनॉलॉजीतल्या प्राध्यापकाचा ४० यांवरून कोण मोठं, हे ठरत नाही. स्वतः हर्श यांनीही २०२० मध्ये लिहिलं, की हा निर्देशांक काही वेळा सपशेल फसतो आणि त्याचे वाईट परिणाम होऊ शकतात.

दम्याच्या क्षेत्रातलं सर्वांत ठळक नाव घ्यायचं तर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे पीटर बार्न्स. त्यांचे हजाराहून जास्त लेख आहेत आणि श्वसनविकारांत जगात ज्यांचे संदर्भ सर्वाधिक दिले जातात त्यांत ते गणले जातात. इन्हेलरमधली स्टेरॉइड पेशीच्या आत जाऊन सूज वाढवणारी जनुकं कशी शांत करतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांत किंवा तीव्र दम्यात ती कमी का पडतात, यावर त्यांच्या गटाने मूलभूत काम केलं. हजार लेख एका माणसाच्या हातून होत नाहीत. त्यामागे विद्यार्थी, सहकारी, इतर देशांतले गट असतात. म्हणून संशोधकाचं पान उघडल्यावर मी लेखकांच्या नावांचा क्रम आधी बघते. वैद्यक आणि जीवशास्त्रात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम केलेल्याचं आणि शेवटचं नाव ज्याच्या प्रयोगशाळेत, ज्याच्या मार्गदर्शनाखाली काम झालं त्याचं. मधली नावं मदतीची. ती मदत मोलाची असू शकते, पण कल्पना बहुधा दुसऱ्याची असते.

मधल्या नावांचा परिणाम किती होऊ शकतो, ते रोगभार अभ्यासाच्या लेखांत दिसतं. त्यांवर शेकडो लेखक असतात आणि त्यांना हजारो संदर्भ मिळतात. एखाद्या तरुण डॉक्टरने आपल्या जिल्ह्याची माहिती त्यात पुरवली, तर तिचं नाव येणं रास्तच आहे. पण नंतर तिच्या पानावर दिसणाऱ्या संदर्भांतला मोठा हिस्सा त्या एका लेखाचा असतो, आणि बातमी लिहिणाऱ्याला हे माहीत नसतं.

‘अव्वल दोन टक्के’ यादीत या अडचणीवर उपाय करायचा प्रयत्न आहे, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ती स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतल्या माहितीवरून तयार करतात. क्रम सहा निकषांच्या बेरजेवर ठरतो आणि त्यात एकट्याने लिहिलेल्या, तसंच पहिलं किंवा शेवटचं नाव असलेल्या लेखांना वेगळं स्थान आहे. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळून क्रम काय येतो, तेही दिलेलं असतं. पण याद्या दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त त्या वर्षाची. बातमीत कोणती आहे हे लिहिलेलं नसेल तर विचारावं. दोन्हींत फार अंतर आहे.

फसलेला प्रयोग आणि त्याचे संदर्भ

संदर्भांची संख्या आणि कामाचा खरेपणा यांचं नातं किती गुंतागुंतीचं असतं, हे इंटरल्युकिन-५ च्या कथेत सगळ्यात स्वच्छ दिसतं. म्हणून इथे जरा थांबते.

रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये त्यांची टक्केवारी दिलेली असते. पुष्कळ दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत या पेशी गर्दी करतात आणि इंटरल्युकिन-५ त्यांना वाढवतं, जगवतं. हा संदेश अडवला तर पेशी कमी होतील आणि दमा शमेल, असा सरळ तर्क होता. २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये २४ सौम्य दमेकऱ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. संदेश अडवणारं औषध एकदाच शिरेतून दिलं. इओसिनोफिल उतरले. पण अ‍ॅलर्जीचा पदार्थ हुंगवल्यावर श्वासनलिका पूर्वीसारख्याच आवळल्या. पुष्कळांनी निष्कर्ष काढला, की इओसिनोफिल निर्दोष आहेत. २००७ मध्ये ३६२ रुग्णांवरच्या चाचणीतही ठोस फायदा दिसला नाही.

मग २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन लहान चाचण्या आल्या. एक इंग्लंडमधल्या लेस्टरची, ६१ रुग्णांची. दुसरी कॅनडातल्या हॅमिल्टनची, फक्त २० रुग्णांची, परमेश्वरन नायर यांची. औषध जुनंच, मेपोलिझुमॅब. बदल दोन होते. उपचार घेऊनही ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल वाढलेलेच राहतात असे रुग्ण निवडले, आणि मोजलं काय, तर दम्याचा जोरदार अटॅक किती वेळा येतो आणि गोळीतलं स्टेरॉइड किती कमी करता येतं. या कसोटीवर औषध उतरलं. २०१५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता २००० च्या लेखाकडे परत बघा. तो आजही उद्धृत होतो. सुरुवातीला लोक ‘इओसिनोफिलचा संबंध नाही’ याचा पुरावा म्हणून त्याकडे बोट दाखवत. मग ‘चाचणी फार लहान होती आणि चुकीची गोष्ट मोजली’ हे सांगायला त्याचा उल्लेख होऊ लागला. २००९ नंतर तो इतिहासाचा टप्पा म्हणून येतो. तिन्ही प्रकारचे उल्लेख मोजणीत सारखेच एकेक. त्या शास्त्रज्ञांनी काही लबाडी केली नव्हती. प्रयोग प्रामाणिक होता आणि तो झाला म्हणूनच पुढच्यांना नेमका प्रश्न सापडला. माझ्या मते त्याचे संदर्भ योग्यच आहेत. पण आकडा बघून ‘हे औषध लागू पडतं’ किंवा ‘पडत नाही’ असं काहीही ठरवता येत नाही.

याच्या उलटही घडतं. आयजीईचा शोध इतका पायाभूत ठरला, की आज तो शब्द वापरणारा जवळपास कोणी १९६६ च्या लेखाचा संदर्भ देत नाही. शोध पाठ्यपुस्तकात गेला आणि मूळ लेख यादीतून उतरला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी विज्ञानातल्या या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं. आणि जगात सर्वाधिक उद्धृत झालेला शोधनिबंध कोणता? १९५१ चा, लाउरी आणि सहकाऱ्यांचा, तीन लाखांहून अधिक संदर्भ असलेला. त्यात कुठल्या आजाराचं कोडं सुटलेलं नाही. द्रावणात प्रथिनं किती आहेत ते मोजायची पद्धत आहे. रोजच्या कामाची, म्हणून प्रत्येक जण तिचा उल्लेख करतो.

पुण्याशी जोडलेले लेख

पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनचं काम उभारणारे डॉ. संदीप साळवी यांचे तीन लेख शेजारी ठेवले, तर लेखाच्या प्रकारावर सगळं कसं अवलंबून असतं ते दिसतं.

पहिला १९९९ चा, साउदॅम्प्टनमध्ये स्टीफन होलगेट यांच्या गटात असतानाचा. पंधरा निरोगी स्वयंसेवकांना एक तास डिझेलच्या धुरात ठेवलं. दर घनमीटर हवेत ३०० मायक्रोग्रॅम कण. एकदा नुसत्या स्वच्छ हवेतही ठेवलं, म्हणजे तुलना करता येईल. मग दुर्बिणीने श्वासनलिकेच्या अस्तराचा तुकडा घेऊन तपासला. सूज आणणाऱ्या पेशी स्पष्ट वाढलेल्या होत्या, रक्तातही बदल होते, पण फुंकून करायची फुप्फुसांची नेहमीची चाचणी जशीच्या तशी. मला या लेखाचं महत्त्व फार वाटतं. दुचाकीवरून रोज विद्यापीठ चौक ओलांडणाऱ्या माणसाची स्पायरोमेट्री चांगली आली म्हणजे आत काही घडत नाही, असं म्हणता येत नाही, ही शंका त्या पंधरा जणांनी रास्त ठरवली. धुराच्या खोलीतला एक तास आणि रस्त्यावरची वर्षं यांची थेट बरोबरी मात्र करू नये. लेखाचा तसा दावाही नाही.

दुसरा २००९ चा, बार्न्स यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेला. विषय दमा नसून त्याच्या शेजारचा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा आजार, आणि तोही कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्यांचा. सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्क्यांनी कधी धूम्रपान केलेलं नसतं आणि चुलीचा धूर हे त्यामागचं मोठं कारण असावं, असं त्यांनी जगभरातल्या अभ्यासांवरून मांडलं. यात नवा प्रयोग नाही. विखुरलेला पुरावा एकत्र करून त्याचा अर्थ लावलेला आहे. अशा आढाव्यांना संदर्भ नेहमीच भरपूर मिळतात, कारण पुढच्या प्रत्येकाला प्रस्तावनेत एका ओळीसाठी त्यांची गरज पडते. म्हणून कोणाच्याही पानावर वरचे दहा लेख बघताना त्यांतले आढावे किती आणि स्वतःचे प्रयोग किती, हे वेगळं करावं. आढावा कमी प्रतीचा, असं मला म्हणायचं नाही. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांचा आजार जगाच्या नजरेत आणण्यात या लेखाचा वाटा आहे, असं मी मानते.

तिसरा २०१५ चा. २०११ मधल्या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरा-गावांत सात हजारांवर डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांच्या तक्रारी नोंदवल्या. निम्म्याहून किंचित जास्त लोक श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते. इथे ना प्रयोगशाळा आहे, ना नवं रसायन. आहे ती नोंद. अशा नोंदींची गरज भारतात प्रचंड आहे आणि त्या करायला फार चिकाटी लागते.

नोंदीवरून आठवलं. गाजर गवत भारतात आल्याची वनस्पतिशास्त्रीय नोंद १९५६ मध्ये पुण्याच्याच नमुन्यांवरून झाली. एक छोटं टिपण. त्या तणाविषयी पुढे झालेल्या कित्येक अभ्यासांत ते टिपण उद्धृत झालेलं सापडतं. कुठल्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या गावीही नव्हता.

नावांचा घोळ

आपल्याकडचा एक खास त्रास परदेशी लेखांत कुणी फारसा सांगत नाही. ‘एस. जोशी’, ‘ए. पाटील’, ‘एस. कुलकर्णी’ या नावांनी किती जण लिहितात, याची कल्पना करा. संगणक दोन पाटलांचे लेख एकाच पानावर टाकतो, किंवा एकाच पाटलांचे दोन पानांवर. गुगल स्कॉलर आपोआप लेख गोळा करतं, त्यात हे जास्त होतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलं घेतात, म्हणून तिथले आकडे नेहमी कमी दिसतात. एकाच व्यक्तीचा एच तीन ठिकाणी तीन येतो आणि तिन्ही आपापल्या हिशेबाने बरोबर असतात. आकडा कुठला, हे लिहिलं नसेल तर तुलना करू नये.

सगळ्यात जास्त नुकसान लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं होतं. पीएचडीचे लेख माहेरच्या नावावर, नंतरचे सासरच्या. दोन अर्धवट पानं, दोन लहान एच. ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून मिळतो. तो फुकट आहे, आणि नाव बदललं तरी काम एकाच ठिकाणी राहतं. पुण्यातल्या प्रत्येक गाइडने पीएचडीच्या मुलींना पहिल्याच महिन्यात तो काढायला लावावा, असं मला कळकळीने वाटतं.

आकड्यांची घाई कुठे नेते, हेही पुण्यातूनच तपासलं गेलं. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली जर्नलं चाळली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी लिहिलं, की यांतली ८८ टक्क्यांहून अधिक जर्नलं निकृष्ट असू शकतात. त्यानंतर आलेल्या यूजीसी-केअर यादीचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली आणि जर्नल निवडायची जबाबदारी संस्थांवर आली. लेखांची संख्या बढतीला जोडली, की नुसती संख्या वाढवून देणारी दुकानं उघडतात. दम्यासारख्या विषयात हे धोक्याचं आहे, कारण अशा जर्नलमधला कच्चा लेखही गुगलवर ‘संशोधन’ म्हणूनच समोर येतो आणि आई-बाबा तो वाचून पंप बंद करतात.

पंपाची गोष्ट निघालीच आहे, तर जे कुठल्याच मोजणीत येत नाही त्याविषयी बोलायला हवं. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत आहे. त्यामुळे कितीतरी लोक सूज कमी करणारा पंप टाळतात आणि धाप लागली की तेवढ्यापुरता आराम देणारा ओढतात. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या ‘जीना’ने २०१९ मध्ये साफ सांगितलं, की मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नये, सौम्य दम्यातही सूज कमी करणारं औषध सोबत हवंच. या शिफारशीमागे चाचण्या होत्या आणि त्यांच्या मागे सुजेवरची अनेक दशकांची इम्युनॉलॉजी. पण हडपसरमधला डॉक्टर ती वाचून चिठ्ठी बदलतो, तेव्हा तो कोणाला सायटेशन देत नाही. शाळेत जाऊन मुलांना पंप नीट ओढायला शिकवणाऱ्या संशोधिकेच्या एचमध्ये त्याने एकाचीही भर पडत नाही.

त्यातला थोडासा भाग तरी पाहता येतो. जीनाचा अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि शेवटी संदर्भांची लांबलचक यादी असते. ज्या संशोधकाची बातमी वाचली त्याचं आडनाव तिथे शोधायला पाच मिनिटं पुरतात. सापडलं, तर शेजारचा क्रमांक धरून मागे जावं, म्हणजे कोणत्या शिफारशीसाठी ते काम वापरलंय हे कळतं. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल, तर ते पान घेऊन आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. त्यांनाही आवडेल.